सर्व्हरच्या पोटातली डिस्क

तुळशीराम कोळी बाजारात शिरला की पनवेलचे भाजीवाले एकमेकांकडे बघून हसायचे. हा माणूस तराजूच्या पारड्याखाली हात घालून बघणार, वरचे टोमॅटो बाजूला सारून खालचे उकरणार, कलिंगड कानाशी धरून वाजवणार, आणि एवढा सगळा तपास करून घेणार काय, तर पावशेर मिरच्या. त्याला त्याची लाज नव्हती. त्याची आई गुणाबाई जन्मभर मासळी बाजारात बसलेली. गिऱ्हाइकानं "ताजं आहे का?" असं विचारलं की ती भडकायची. कल्ला उचलून बघायची अक्कल नाही तर मासे खायला येता कशाला, असं तोंडावर विचारायची. वडील काशिराम उरणच्या बाजूला होडी घेऊन जायचे. होडीला इंजिन बसलं तरी वल्ही आणि शीड त्यांनी शेवटपर्यंत होडीतून उतरवलं नाही. सोबतचे चेष्टा करायचे. काशिराम म्हणायचे, "इंजिन माज्या वळखीचा नाय."

अशा दोघांच्या पोटी आलेला माणूस कुणावर विश्वास ठेवणार? शेजारी गोड बोलला की तुळशीरामला वाटायचं, याला आपली शिडी हवी असणार. जावई न बोलावता आला की वाटायचं, काहीतरी भानगड आहे. आणि गंमत अशी की दहात चार वेळा त्याचं खरंही निघायचं. त्या चारांच्या जोरावर तो उरलेल्या सहांचं काय झालं ते विसरून जायचा.

बंदर आलं, खाडी गाळानं भरत गेली, होड्या किनाऱ्याला लागल्या. तुळशीरामला न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात गेटवर कारकुनी मिळाली. पुढे यार्डात युनिक्सचा सर्व्हर आला. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ, एवढंच ते दिसायला. बाकीच्यांनी नाकं मुरडली. तुळशीराम मात्र त्या मशीनला चिकटला. पडद्यावर चित्रं नाहीत, रंग नाहीत, म्हणजे फसवायला जागा कमी, असं त्याला वाटलं असावं. दोन हजार नऊ साल उजाडेपर्यंत तो त्या सर्व्हरचा कारभारी झाला होता. कोणता कंटेनर यार्डात कुठे ठेवलाय, कुणाची कस्टमची सुटका झाली, कोणता गेटबाहेर जाऊ शकतो, हे सगळं त्या मशीनला ठाऊक. मशीन तासभर बसलं तर ट्रेलरची रांग हायवेला जाऊन भिडायची. तुळशीराम त्याला "माझा सर्व्हर" म्हणायचा आणि कुणी हसत नसे.

त्या वर्षी कंपनीनं स्टोरेज घेतलं. माणसाच्या उंचीचं एक कपाट, त्यात ओळीनं डिस्का बसवलेल्या. ते चालू करून द्यायला ज्या कंपनीकडून ते घेतलं तिनं ऋचा देवस्थळी नावाची इंजिनिअर पाठवली. मुलगी पुण्याची, नवीन पनवेलला भाड्यानं राहायची, वय तुळशीरामच्या थोरल्या मुलीएवढं. पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर चित्र काढून सांगितलं, "आत्तापर्यंत सर्व्हर चालू झाला की स्वतःच्या पोटातल्या डिस्कवरून सिस्टिम उचलत होता. आता त्याच्या पोटात काहीच ठेवायचं नाही. तो नेटवर्कवरून या कपाटातली डिस्क शोधेल आणि तिच्यावरून बूट होईल, म्हणजे उठेल."

"वायर तुटली तर?" तुळशीरामनं विचारलं.

"दोन वायरी आहेत, काका."

"दोन्ही तुटल्या तर?"

ऋचा हसली. "मग आपण सगळे घरी जाऊ."

खोलीतले सगळे हसले. तुळशीराम नाही हसला. पुढे ती म्हणाली की उद्या हा सर्व्हर जळाला तरी बिघडत नाही, दुसरा आणून जोडायचा, कपाट त्याला ओळखून घेईल, आणि हे सगळं मुंबईच्या ऑफिसात बसूनही करता येईल, माणसाला इथे यायलासुद्धा नको. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुळशीरामच्या मनात पाल चुकचुकली. इथे यायला नको असलेला माणूस कोण, हे त्याला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

एका रविवारी दुपारी गेट बंद असताना काम झालं. ऋचानं सर्व्हरच्या डिस्कवरची अख्खी सिस्टिम कपाटातल्या डिस्कवर उतरवली, बूट कुठून व्हायचं ते बदललं, मशीन बंद करून चालू केलं. ते निमूट उठलं. तुळशीराम शेजारी उभा राहून तिच्या बोटांवर नजर ठेवून होता. तिचं कुठे काही चुकलं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

ठरलं असं होतं की आठवडाभर बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर सर्व्हरमधल्या दोन्ही जुन्या डिस्का, एक दुसरीची नक्कल असलेल्या, काढून कुलपात ठेवायच्या. हे काम तुळशीरामकडे होतं. त्यानं दोन्ही काढल्या. एक कुलपात ठेवली. दुसरी हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला, आणि मग त्यानं ती परत सर्व्हरच्या खाचेत सरकवली. बूटच्या यादीत पहिलं नाव कपाटातल्या डिस्कचं होतं, त्याखाली त्यानं दुसरं नाव या जुन्या डिस्कचं घातलं. नवीन दगा दिलाच तर जुनं हाताशी असावं. वर सर्व्हरचं पुढचं झाकण लावून स्क्रू आवळले आणि कुणाला काही बोलला नाही.

त्यानंतर पंधरवड्यात गेटवरच्या दयारामला कामावरून काढलं. त्यानं कागद पुरे नसताना कंटेनर सोडल्याचा आरोप होता. यार्डाचे मॅनेजर कुमार प्रधान यांनी तुळशीरामला बोलावून सांगितलं, त्याचं लॉगिन आजच्या आज उडवा आणि रूटचा पासवर्ड बदला. रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. तो पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला काहीही करता येतं. तुळशीरामनं बदलला. नवा पासवर्ड दोघांनाच माहीत, तो स्वतः आणि ऋचा.

मग एका शुक्रवारी दुपारी वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, नव्या घ्यायचं प्रधानसाहेब पुढे ढकलत होते. जनरेटर धापा टाकत सुरू होईपर्यंत सगळं बंद पडलं आणि मग सगळं एकदम चालू झालं. तुळशीराम पडद्यासमोर बसला. रूटचा पासवर्ड घातला. सर्व्हरनं नाकारला. पुन्हा घातला, पुन्हा नाकारला. सहज म्हणून त्यानं जुना घालून बघितला. दार उघडलं.

त्यानं लॉगिनची नावं काढली. दयाराम जिवंत! स्वतःच्या हातानं उडवलेलं नाव, जसंच्या तसं तिथे बसलेलं.

काहीही बिघडलं की आधी मशीन बंद करून चालू करायचं, ही तुळशीरामची जुनी सवय. त्यानं तेच केलं. मशीन उठलं तेव्हा नवा पासवर्ड चालत होता आणि दयाराम गायब होता. आत कोण आलं होतं ते बघायला त्यानं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या, तर वीज गेल्यापासून आत्तापर्यंतच्या नोंदीच नाहीत. मधला सगळा वेळ कोरा. कुणीतरी आलं, दयारामला उभं केलं, पकडलो जातोय म्हटल्यावर त्याला पुसलं आणि जाताना पावलंही पुसून गेलं. दुसरा काय अर्थ काढायचा?

ऋचा आली तेव्हा सगळं सुरळीत होतं. तिनं वरपासून खालपर्यंत तपासलं. भुवया जवळ आणून बसली. मग म्हणाली, "काका, जुन्या डिस्का काढल्यात ना?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण हिच्यासमोर कबूल करायचं, की तुझ्या कामावर भरवसा नव्हता म्हणून मी एक डिस्क लपवून ठेवलीय? आणि शिवाय ती दुसऱ्या नंबरावर आहे, पहिली मिळत असताना मशीन तिच्याकडे जाणार कशाला, असं त्यानं स्वतःला समजावलं.

"काढल्या. कुलपात आहेत. किल्ली दाखवू?"

"नको हो. तुम्ही म्हणताय ना."

त्या दिवसापासून तुळशीराम डोळ्यांत तेल घालून ऋचाकडे बघू लागला. आणि बघायचंच ठरवलं की काय दिसत नाही? ती फोनवर बोलायला बाहेर का जाते? लॅपटॉप जेवतानाही जवळ का ठेवते? एकदा तो मुलीकडे नवीन पनवेलला गेला होता, तर ऋचाच्या बिल्डिंगखाली त्याला दयारामची स्कूटर दिसली. दयाराम नोकरी गेल्यावर पाण्याचे जार पोचवायचा, त्या भागात निम्म्या बिल्डिंगींखाली त्याची स्कूटर उभी असायची. स्कूटरला बांधलेले जार तुळशीरामनं बघितले होते. पण घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात फक्त स्कूटर उरली.

दुसऱ्यांदा वीज गेली आणि दुसऱ्यांदा दयाराम उठून बसला. पुन्हा जुना पासवर्ड, पुन्हा कोऱ्या नोंदी. ऋचानं येऊन पुन्हा तपासलं, पुन्हा तोच प्रश्न विचारला, पुन्हा तेच उत्तर घेतलं. ती गेल्यावर तुळशीराम प्रधानसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला.

"पासवर्ड किती जणांकडे?" प्रधानसाहेबांनी विचारलं.

"दोघांकडे."

"तुम्ही तिचं नाव घेताय?"

"मी कुणाचं नाव घेत नाही, साहेब. पण दोघांतला एक मी आहे, आणि मी केलेलं नाही."

स्कूटरचंही त्यानं सांगितलं. जारचं सांगितलं नाही.

प्रधानसाहेब घाबरट माणूस. बाहेर गेलेल्या माणसाच्या नावानं एखादा कंटेनर सुटला तर कस्टमवाले आधी आपली मान धरतील, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ऋचाच्या कंपनीला फोन केला. गेटवर तिचा पास बंद झाला, बाहेरून सर्व्हरशी जोडायची लाइन तोडली, आणि तिच्या कंपनीनं चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. या धंद्यात असा बोभाटा झाला की पुन्हा कोण कुणाला सर्व्हर रूममध्ये पाऊल ठेवू देतं? ती आपलं सामान न्यायला आली तेव्हा तुळशीराम पडद्यात डोकं घालून बसला होता.

"काका, तुम्हाला खरंच वाटतं मी असं केलं?"

"मला काय वाटतं त्याला काय किंमत आहे?" तो मान वर न करता म्हणाला.

ती सामान उचलून गेली. तुळशीरामला हायसं वाटलं. पडदा, कपाट, वायरी, सगळं पुन्हा त्याचं झालं होतं. सर्व्हरचं झाकण त्यानं काढून बाजूला ठेवलं. एसी धड चालत नव्हता, मशीन तापत होतं, आणि आता लपवायचं तरी कुणापासून?

पुढच्या आठवड्यात भरदुपारी वीज गेली. जनरेटर आला, मशीन उठलं, तुळशीरामनं नवा पासवर्ड घातला. सर्व्हरनं नाकारला.

ऋचा नाही. बाहेरची लाइन नाही. खोलीची किल्ली त्याच्या कमरेला. जुना पासवर्ड घातला, दयाराम हजर. यावेळी त्यानं बंद करून चालू केलं नाही. करायचं सुचलंच नाही, म्हणा. तो नुसता मशीनकडे बघत बसला, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की उघड्या झाकणातून एक हिरवा दिवा लुकलुकतोय. जुन्या डिस्कचा दिवा. निजलेली असायला हवी ती डिस्क जोरात काम करत होती.

मग एकेक गोष्ट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सर्व्हर झटकन उठतो. कपाट मात्र सावकाश उठतं, स्वतःच्या सगळ्या डिस्का तपासल्याशिवाय कुणाला ओ देत नाही. दोन्ही एकदम चालू झाले की सर्व्हर कपाटाला हाक मारतो, उत्तर येत नाही, म्हणून यादीतलं दुसरं नाव घेतो. दुसरं नाव तुळशीरामनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. जुन्या डिस्कवर काळ थांबलेला, तिच्यावर दयाराम अजून नोकरीला होता. त्या वेळातल्या नोंदीही तिच्यावरच उमटत होत्या, म्हणून नव्या डिस्कवर त्या कोऱ्या दिसायच्या. आणि दरवेळी हा शहाणा मशीन पुन्हा चालू करायचा, तोवर कपाट जागं झालेलं असायचं, की सगळं पूर्ववत! त्या मुलीला सापडणार काय, डोंबल? चोर आत कुणी आलाच नव्हता.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. तुळशीरामनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

त्यानं मशीन बंद करून चालू केलं. सगळं ठीक झालं. आता फक्त ती डिस्क ओढून काढायची, यादीतलं नाव खोडायचं, की हा प्रकार पुन्हा कधी होणार नव्हता. आणि तसं झालं की सगळे काय म्हणणार? पोरगी गेली आणि त्रास थांबला, तुळशीरामभाऊंनी बरोबर ओळखलं. त्याचं नाव आणखी मोठं झालं असतं. तो विचार त्याला क्षणभर गोड वाटला, आणि गोड वाटला म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली.

घरी तो ताटावर बसला. बायको शशिकलानं समोरचा बोंबील तसाच राहिलेला बघितला आणि विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

"मग तुमी सांगला का नाय आजच?" ती म्हणाली.

"सांगल्यावर माजी नोकरी हाय का नाय, ठावं नाय."

"आनि त्या पोरीची?"

शशिकला ताट उचलता उचलता म्हणाली, "जल्ला तुमचा संशय. सगल्यांचं कल्लं उचलून बघताव, आपला येकदा बघा."

ती रागानं बोलली, आणि त्याला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रधानसाहेबांना सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आता कशाला उकरताय? काढा ती डिस्क आणि विसरा. मी तिच्या कंपनीला काय तोंड दाखवू?"

"मी दाखवतो तोंड. तुम्ही फक्त त्यांना बोलवा."

"तुळशीराम, तुम्ही एवढं लपवलंत. अजून काय काय लपवलंय?"

काही नाही, असं तुळशीराम म्हणाला असता, पण ते कोण खरं मानणार? जुन्या डिस्का काढल्या, हेही तो असाच म्हणाला होता. "बोलवा, साहेब," एवढंच तो पुन्हा म्हणाला. साहेब टाळाटाळ करत राहिले, तेव्हा त्यानं सांगितलं की तुम्ही नाही बोलावलंत तर मी तिच्या घरी जाऊन सांगेन. मग फोन गेला.

रविवारी गेट बंद असताना ऋचा आणि तिचा साहेब आले. ती बारीक झाली होती. तुळशीरामनं खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. त्यानं सर्व्हर आणि कपाट दोन्ही बंद केलं, दोन्ही एकदम चालू केलं, जुना पासवर्ड घातला आणि पडद्यावरचं दयारामचं नाव सगळ्यांना दाखवलं. मग झाकण काढून लुकलुकणारा दिवा दाखवला. "ही डिस्क मी ठेवली," तो म्हणाला. "बाईंचा यात काही संबंध नाही. त्यांनी मला विचारलं होतं. मी खोटं बोललो." मशीन बंद करून त्यानं सगळ्यांच्या देखत ती डिस्क ओढून काढली आणि ऋचाच्या हातात दिली.

तिचा साहेब प्रधानसाहेबांकडे बघू लागला, प्रधानसाहेब छताकडे. ऋचा हातातल्या डिस्ककडे बघत होती.

"दोनदा विचारलं होतं मी," ती म्हणाली.

"हो. दोनदा."

"माझ्या आईबाबांनीसुद्धा विचारलं मला, खरंच काही केलं नाहीस ना म्हणून." तुळशीरामला हात जोडावेसे वाटले, पण तेही तिला सोंग वाटेल या भीतीनं त्यानं जोडले नाहीत.

मग ती प्रधानसाहेबांना म्हणाली, "सर्व्हर थोडा थांबून उठेल असं करून द्यावं लागेल. ते मी आत्ता करते. पासवर्डही बदलते, तो फक्त तुमच्याकडे देईन. आणि काम करताना खोलीत मला दुसरं कुणी नकोय."

तुळशीरामनं कमरेची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली आणि बाहेर आला. मागून आतली कडी लागल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो त्या दाराच्या बाहेर असा कधी उभा राहिला नव्हता.

दाराला हातभर काच होती. त्यातून त्याला ऋचा दिसली. ती सर्व्हरपुढे गुडघ्यांवर बसली. कीबोर्डला तिनं हात लावला नाही. आधी मोबाइलचा उजेड पाडून सर्व्हरची एकेक खाच बघितली, आणि मग त्यानं आत्ताच तिच्या डोळ्यांदेखत रिकामी केलेल्या खाचेतही बोट घालून, आत खरंच काही नाही ना, हे चाचपून घेतलं.

तुळशीराम काचेपासून बाजूला झाला आणि बाकावर जाऊन बसला.